बोटाच्या टोकावरचा ठिपका

माझे यजमान म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक पॉवर युनिटं तपासायचे. तेलाची टाकी, मोटर आणि पंप. पंपाने रेटलेल्या तेलाच्या जोरावर जहाजातल्या मालाच्या कोठारांवरची अवजड लोखंडी झाकणं उघडतात, असं त्यांनी मला लग्नानंतर समजावलं होतं. म्हैसुरात बसून जहाजांचं काम, याचं मला हसू यायचं.

त्या दिवशी ते नेहमीसारखे कंपनीच्या बसने कुवेंपुनगरला घरी आले. चहा पिताना सहज म्हणाले, नळीतून तेल झिरपतंय का ते हाताने चाचपत होतो, तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं. तर्जनीच्या टोकावर बारीक ठिपका होता. रक्त नाही, दुखणंही फारसं नाही. माझं माहेर शिंप्यांचं, बोटात सुई जाणं आम्हाला रोजचं. मी हळद लावली आणि स्वयंपाकाला लागले.

ते जेवायला बसले तर त्यांना घास उचलेना. बोट फुगून पांढरंफटक, ताठ झालं होतं. आम्ही ऑटोने दवाखाना गाठला. मला वाटलं, एखादं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. डॉक्टरीणबाईंनी काय टोचलं ते विचारलं. यांनी तेलाचं सांगताच त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी?" मी विचारलं.

"टोचलेलं नाही हे, नळीतून जोराने उडालेलं तेल कातडी भेदून आत शिरलंय," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आत पसरत चाललंय. थांबलो तर हात जाईल."

मी यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या यंत्रांपाशी काढून त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

ऑपरेशननंतर पट्टी बदलताना मी हट्टाने आत थांबले. पट्टी सुटली. बोटाच्या टोकापासून मनगटाच्या वरपर्यंत हात चिरलेला होता, आणि शिवलेलाच नव्हता. सूज उतरेपर्यंत तसाच ठेवतात, असं नर्स म्हणाली. मला तिचे शब्द ऐकू येत होते, पण अर्थ लागत नव्हता.

हात वाचला. तर्जनी मात्र वाकत नाही. कारखान्यात आता ते नव्या माणसांना तो व्रण दाखवतात आणि नळीवरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा, तेल गळत असेल तर त्यावर डाग उमटेल, म्हणून बजावतात. घरी त्याबद्दल बोलत नाहीत. पहिल्या दिवसांत मी भात कालवून भरवायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. मग डाव्या हातात चमचा धरून सांडत, लवंडत जेवले.