अण्णांच्या जीपचा अल्टरनेटर

जीप ट्रॅक्टरमागं बांधून आणली होती. ट्रॅक्टर मगदूम अण्णा स्वतः चालवत होते आणि मागं जीपच्या स्टीअरिंगवर त्यांची सून होती, डॉक्टर सुप्रिया. कसबा बावड्याच्या रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. समोर ट्रॅक्टर उभा करून अण्णा उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री, गाडी बघा. आणि हिला सांगा, गाडीत काय खोट न्हाय म्हणून."

डॉक्टर जीपमधून खाली उतरल्या. रात्रीचं जागरण चेहऱ्यावर दिसत होतं.

मगदूमांची शेती बावड्याच्या कडेला. ही जीप अण्णांनी उमेदीच्या वयात घेतली आणि आजवर जपली. माझ्याकडं ती बल्ब, हॉर्न असल्या किरकोळ कामापुरतीच यायची. सुप्रिया जनावरांच्या डॉक्टर. नोकरी सोडून त्यांनी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली होती. चिखलाच्या वाटेनं वस्त्यांवर जायला घरातली कार चालेना, म्हणून त्या जीप नेऊ लागल्या. आणि त्यांच्या हातात गेल्यापासून जीप बंद पडायला लागली होती.

आदल्या संध्याकाळी त्या वडणग्याच्या पुढं एका वस्तीवर अडलेल्या म्हशीसाठी गेल्या होत्या. गोठ्यात दिवा नव्हता. त्यांनी जीप दारात लावली, इंजिन चालू ठेवलं आणि जीपला लांब वायरीनं जोडलेला मोठा दिवा आत सोडून रेडकू बाहेर काढलं. म्हैस सुटली. हात धुवायला म्हणून इंजिन बंद केलं, ते परत चालू झालंच नाही. गाडीतल्या छोट्या फ्रिजमधल्या लसी गरम झाल्या, त्या फेकून द्याव्या लागल्या. गावातल्या कुणीतरी त्यांना मोटारसायकलवरून घरी सोडलं. त्या रात्री अण्णांनी सांगून टाकलं, की आता सांजच्याला जीप काढायची नाही.

ते सांगताना डॉक्टर म्हणाल्या, "काका, धारा काढायच्या वेळेलाच लोक जनावराकडं नीट बघतात. माझे निम्मे फोन तेव्हाच येतात. संध्याकाळ बंद म्हणजे माझी प्रॅक्टिसच बंद."

मी बॅटरी काढून चार्जिंगला लावली. नवीच होती, चार्ज झाल्यावर उत्तम निघाली. परत बसवून जीप चालू केली आणि मीटर लावला. चौदा व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर काम करत होता.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरणारं, वीज तयार करणारं यंत्र. बॅटरीला लोक गाडीचा वीजपुरवठा समजतात, पण ती नुसती टाकी आहे. ती भरायचं काम अल्टरनेटरचं. इंजिन चालू असताना बॅटरी उतरली, तर टाकीत येतंय त्यापेक्षा जास्त बाहेर जातंय एवढाच अर्थ.

"बघा, चांगली हाय की," अण्णा म्हणाले. "माझ्या हातात कधी बंद पडली न्हाय."

ते खोटं बोलत नव्हते. मी दोघांनाही बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, गाडी कधी आणि कशी वापरता. अण्णांचं उत्तर सरळ होतं. ते जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, म्हणून त्याच्या आधी घरी. सकाळी मळा, दुपारी बाजार, ऊन कलायला लागलं की जीप घरात. एवढ्या वर्षांत हेडलाइट किती वेळा लावला, असं विचारल्यावर ते आठवत बसले. पावसाळ्यात कधीतरी, म्हणाले.

डॉक्टरांचा दिवस अण्णा घरी येत तेव्हा अर्धा राहिलेला असायचा. हेडलाइट, लसींचा फ्रिज, गोठ्यात सोडायचा मोठा दिवा, आणि हे सगळं चालू असताना जीप एका जागी उभी. गाडी उभी असली की इंजिन सावकाश फिरतं, अल्टरनेटरही सावकाश फिरतो आणि कमी वीज तयार करतो.

मी दोघांच्या समोर सगळं चालू केलं. मीटरचा आकडा चौदा व्होल्टवरून उतरत उतरत बाराच्या खाली आला.

"मग चूक कुणाची?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, कुणाचीच नाही. हा अल्टरनेटर तुमच्यापुरता होता. डॉक्टरांना मोठा लागतोय.

अण्णांना ते पटलं, पण आवडलं नाही. जुन्या गाडीला कापाकापी नको, हा त्यांचा मुद्दा. कापणार काहीच नाही, असं मी सांगितल्यावर ते तयार झाले. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर अल्टरनेटर धरायचं एक ब्रॅकेट करून घेतलं, कारण नव्या अल्टरनेटरचं अंग जुन्यापेक्षा रुंद होतं. त्याची पुली, म्हणजे बेल्टचं चाक, इंजिनच्या पुलीच्या रेषेत आणायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ती जरा तिरकी राहिली तर बेल्ट ओरडतो आणि लवकर तुटतो.

काम झालं त्या दुपारी दोघंही जीप न्यायला आली. माझी एक पद्धत आहे. सगळं चालू करून गाडी दुकानातच अर्धा तास उभी ठेवल्याशिवाय मी किल्ली देत नाही. दिवे लावले, फ्रिज लावला. अल्टरनेटरवर मीटर लावला तर चौदाच्या वर. छान. मग बॅटरीवर लावला. तिथं साडेबारासुद्धा भरेना.

वीज तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, कसला तरी वास येतोय. मी डॅशबोर्डच्या मागं हात घातला आणि लगेच बाहेर ओढला. वायर तापली होती.

जुन्या जीपला डॅशबोर्डवर अँपियर मीटर असतो. बॅटरीत करंट जातोय की तिच्यातून निघतोय, ते त्याचा काटा दाखवतो. त्यासाठी अल्टरनेटरचा सगळा करंट एका वायरीनं त्या मीटरमधून फिरून बॅटरीकडं जातो. जुन्या अल्टरनेटरला ती वायर पुरत होती. नवा तिच्यातून दुप्पट करंट ढकलत होता. काटा टोकाला जाऊन चिकटला होता. अशीच गाडी दिली असती आणि ती वैरणीच्या गंजीजवळ उभी राहिली असती तर वायर पेटून गंजीला आग लागली असती, हे मी दोघांनाही सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

उपाय साधा होता. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत सरळ जाड केबल, मध्ये फ्यूज, आणि अँपियर मीटर कायमचा बंद.

इथं अण्णा अडले.

"तो काटा बघून मी गाडी चालवतोय, मिस्त्री. तो बंद केलासा तर मला कळायचं कसं, गाडी काय म्हणतीया? त्यापरीस जुनाच बसवा परत."

मी समजावायला लागलो, पण त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता सून वैतागणार. डॉक्टर जीपमध्ये बसल्या होत्या. त्या खाली उतरल्या आणि सासऱ्यांकडं बघत मला म्हणाल्या, "काका, मामांना काटा पाहिजे. त्या जागेवर दुसरं काय बसतंय का बघा. तोपर्यंत मी थांबते."

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. मग परत बाकावर येऊन बसले.

दुसरं काय बसतं ते मला ठाऊक होतं. व्होल्टमीटर. तो किती करंट जातोय ते सांगत नाही, पण चार्जिंग नीट आहे का ते सांगतो, आणि त्याला बारीक वायर चालते. त्याच भोकात बसेल असा, काट्याचाच, शोधून आणला. अण्णांना वाचायला शिकवलं. जुना काटा मधोमध असला की ठीक समजायचं, हा चौदाच्या आसपास असला की ठीक. बाराकडं उतरायला लागला की दिवे कमी करायचे. त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं, मग स्वतः म्हणून दाखवलं.

केबल टाकून झाल्यावर मी म्हणालो, खरी परीक्षा डॉक्टरांच्या कामावर होऊ दे, मीही येतो. संध्याकाळी मी मगदूमांच्या घरी गेलो तेव्हा अण्णांचं जेवण उरकलं होतं. थोड्या वेळानं एक फोन आला. एका गाईचं पोट फुगलं होतं. डॉक्टरांनी पिशवी उचलली, आणि अण्णाही उठून जीपमध्ये पुढं बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

गोठ्यात गाय आडवी पडली होती. पोट ढोलासारखं झालं होतं, श्वास लागला होता. मालक रडवेला झालेला. डॉक्टरांनी दिवा आत सोडला आणि गाईच्या तोंडातून नळी पोटात घातली. वेळ बराच गेला. इंजिन जागेवर चालू, फ्रिज चालू, दिव्याचा उजेड जरासुद्धा हलला नाही. अण्णा आधी मीटरकडं बघत बसले होते. मग उतरून गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आतून गॅस सुटल्याचा आवाज आला, घाण वास आला आणि पोट हळूहळू खाली बसलं. काही वेळानं गाय धडपडत उठली.

मी डॉक्टरांना इंजिन बंद करून परत चालू करायला सांगितलं. पहिल्या फटक्यात लागलं.

परतताना अण्णांनी एकदा मीटरचा काटा बघितला. मग मागं वळून मला म्हणाले, "मला वाटायचं ही सुया टोचून येती. मरायला टेकलेली गाय उठवली की हिनं."

डॉक्टर समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिल्या. हसल्या असाव्यात.

संध्याकाळच्या बंदीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. आता डॉक्टर लांब शाहूवाडीकडच्या वस्त्यांवरही जातात आणि जेवण उरकलेलं असलं तर अण्णा सोबत असतात. सर्व्हिसिंगला जीप दोघं मिळूनच आणतात.

तुम्हाला जुन्या गाडीत मोठा अल्टरनेटर बसवायचा असेल, तर केबलचा खर्च आधीच धरा. आणि काम झाल्यावर सगळे दिवे लावून गाडी अर्धा तास मिस्त्रीच्या दुकानातच उभी करा. जळका वास यायचाच असेल तर तो तिथं येऊ दे.