न्हाणीघराची फरशी

मला दागिन्यांची हौस फारशी नव्हती, लुगड्यांची बेताचीच होती. पण आतून कडी लावून अंघोळ करायची हौस मात्र जबर होती. आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत. त्यांनी आमची मोरी पाहिलेली नाही.

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा मागच्या पडवीलगत एक धोंड, वर आभाळ आणि पुढे गोणपाट, एवढीच अंघोळीची सोय होती. शेजारच्या माडीवरून सगळं दिसायचं. म्हणून उजाडायच्या आत उठायचं आणि नेसल्या लुगड्यानिशी चार तांबे अंगावर घेऊन पळायचं. घोटीकडे माझ्या माहेरी गरिबी होती, पण न्हाणीला कुडाच्या का होईना चार भिंती होत्या. इथे घरात आम्ही तिघंच, हे, सासूबाई आणि मी. तरी मला तीन वर्षं ह्यांच्या मागे लागावं लागलं.

छत्तीस-सदतीसचा सुमार असेल. मुंबईहून सिमेंटच्या रंगीत फरश्या नाशकात येऊ लागल्या होत्या. आम्ही तिघं दुकानात गेलो. ह्यांना फुलांची नक्षी हवी होती, मोठ्या लोकांच्या बैठकीत असते तशी. सासूबाईंना मळ न दिसणारी हवी होती. मला कुणी विचारलं नाही. मी मुकाट्याने वहाण काढली आणि खाली मांडलेल्या एकेका फरशीवर पाऊल घासून पाहिलं. गेरूच्या रंगाची, चौकड्या उठलेली एक खरखरीत फरशी होती, ओल्यात पाय न घसरणारी. तिच्यावरून मी पाय काढलाच नाही. हे हसले आणि म्हणाले, "हीच द्या."

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं. मिस्त्री जुन्या गावातले, मुसलमान, पांढऱ्या दाढीचे आणि मोजकं बोलणारे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं, "सुनेला दिवस गेले तर काम असेल तिथे थांबेल. भरल्या घरात खणणं-ठोकणं आम्हाला चालत नाही. बाळंतपण झाल्यावर पुढचं." मिस्त्री म्हणाले, "आमच्यात पन मानतात, माई."

मोरी उखडली, धोंड हलवली, भिंती उभ्या राहिल्या. अंघोळीला आम्ही शेजारी जाऊ लागलो, आणि शेजारीण रोज बादली वाजवून आपले उपकार ऐकवू लागली. त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आपले दिवस टळलेत.

तीन वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट झाली होती. मी आनंदाने ओरडायला हवं होतं. आणि माझ्या मनात आधी काय आलं? आता काम थांबणार. नऊ महिने आणि वर बाळंतपण, सगळं शेजारणीच्या मोरीत. मिस्त्री म्हणत होते, अजून वीस दिवस. वीस दिवस काय, असे जातील, मी स्वतःला म्हटलं.

पण माझ्या तिथी माझ्यापेक्षा सासूबाईंना पाठ. त्यांच्या नजरेत प्रश्न दिसायला लागला तशी एके सकाळी मी सांगून टाकलं, "मला कावळा शिवलाय." आणि घोंगडी, तांब्या घेऊन पडवीच्या कोपऱ्यात चार दिवस बाजूला बसले. सासूबाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्या लांबून ताट सरकवायच्या आणि म्हणायच्या, "देईल गं देव, धीर धर." खोटेपणा किती करावा माणसाने!

खरं सांगू? ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. माझ्यापासून दोन हातांवर मिस्त्री फरशी बसवत होते. आधी चुना आणि विटांची भुकटी, तिला सुरखी म्हणत, कालवून थर द्यायचे, वर फरशी ठेवून लाकडी ठोकळ्याने हलके ठोकायचे आणि पोकळ वाजते का ते कान देऊन ऐकायचे. मी पोटावर हात ठेवून मनातल्या मनात बाळाला सांगत होते, ही दुसरी ओळ, ही तिसरी. त्या ओल्या चुन्या-विटेच्या वासाने मला वेड लागायचं बाकी होतं. मिस्त्री पाणी आणायला गेले की मी चिमूटभर सुरखी तोंडात टाकायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं. मी मूठ पदराखाली लपवली. ते खाली बसले आणि फरशीकडे बघत म्हणाले, "वैनीबाई, नका खाऊ ती. आमच्या घरवालीला पन अशा टायमाला मिट्टीच पायजे असायची. पोटाला वाईट." बस्स. सासूबाईंपाशी ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भावाला मदतीला घेऊन आले, आणि राहिलेलं काम दोघांनी चार दिवसांत उरकलं. कुणासाठी, ते मला कळलं होतं.

सुतार येऊन दाराला कडी बसवून गेला; चुना मुरेपर्यंत तीन आठवडे मात्र आत पाणी ओतायचं नव्हतं. आता पुढच्या तिथीपर्यंत थांबायचं, ती टळली की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. चोराच्या मनात चांदणं. सासूबाईंनी नुसती हाक मारली तरी मी दचकायचे. सांगायची वेळ आलीच नाही. तिथीच्याच सुमाराला एका दुपारी पोटात कळ उठली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

घरात कुणाला काही कळलं नाही. सासूबाईंच्या लेखी मी महिन्याचीच बाजूला बसले होते. "या खेपेला जास्तच दिसतंय, सुंठीचं पाणी घे," एवढंच त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी नव्या न्हाणीघरात पहिल्यांदा कडी लावली, दोन्ही गुडघे त्या खरखरीत फरशीवर टेकले आणि पाणी ओतत रडले. मला कुणी न बघणारी जागा हवी होती, ती मिळाली होती.

ठोकण्याने मूल जात नाही, हे मला पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावलं. डोक्याला पटलं. पण मला ते मूल हवं होतं, आजही हवं आहे. आणि जिथे ते होतं हेच कुणाला ठाऊक नाही, तिथे ते गेलं म्हणून कुणापाशी रडू?

श्रावणात एका दुपारी मिस्त्री दारात उभे राहिले. "पावसात फरशी फुगली काय बघून जातो," म्हणाले. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. ते न्हाणीघरात गेले, चारदोन ठिकाणी बोटाने वाजवून बाहेर आले, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या सपाट पोटाकडे, मग उगाच पडवीभर. कुठे पाळणा बांधलाय का, ते बघत असावेत. हात खिशाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"काय आणलंत?" मी विचारलं. तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"काय नाय, वैनीबाई. घरच्या बाईनं शिवलं व्हतं. ऱ्हाऊ द्या."

मी हात पुढे केला. त्यांनी मान खाली घालून एक टोपडं माझ्या हातावर ठेवलं. हिरव्या खणाचं, कडेला पिवळी दोरी. माझ्या बाळाची वाट पाहणारं माझ्याखेरीज आणखी कुणीतरी होतं.