आण्याच्या पठारावर थांबलेली आगगाडी

शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवरून आम्ही निघालो तेव्हा माझ्या डोळ्यांवर गॉगल, अंगावर कांजीवरम आणि मांडीवर लाल-हिरव्या काचांचा सिग्नलचा दिवा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे नुकतेच रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते आणि आण्याच्या, म्हणजे आणे या आपल्या गावच्या यात्रेत त्यांना मुलांसाठी छोटी आगगाडी उभारायची होती. रूळ आणि डबे टेम्पोतून आधीच पोचले होते. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे आजच्या मानाने कोवळीच. शहाणपण पुण्याच्या वेशीवर संपतं अशी माझी खात्री होती.

कंडक्टरने दिव्याकडे पाहून विचारलं, ‘‘बाई, ह्याचं हाफ तिकीट फाडू का फुल?’’ मी त्याला मंचर येईपर्यंत स्वयंचलित सिग्नल समजावून सांगितला. मंचर सुटल्यावर तो जो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला, तो आळेफाट्यापर्यंत मागे आला नाही. हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘‘बरं झालं गेला. सगळं चुकीचं सांगत होतीस.’’

नारायणगावला द्राक्षं घेतली, आळेफाट्याला गाडी बदलली. आण्याचा घाट चढला की मागची ऊस-द्राक्षांची हिरवळ संपते आणि बाजरीची खुंटं, दगड आणि वारा एवढंच उरतं. एसटीतून उतरले तशी वाऱ्याने माझा गॉगल उडवला. तो एका शेळीच्या पुढ्यात पडला. तिने हुंगून पाहिला आणि तोंड फिरवलं.

घरी थोरल्या जाऊबाईंनी मासवड्या (सारण भरलेल्या बेसनाच्या वड्या) आणि झणझणीत रस्सा केला होता. जेवताना कळलं की गावात ह्यांची ओळख एकच होती: ‘झेंडा दाखवणारा’. आयुष्यभर सिग्नलच्या तारा जोडल्या, पण गावाच्या मते हे फलाटावर उभं राहून हिरवं फडकं हलवायचे. ह्यांना ते फार लागायचं. गाडी त्यासाठीच होती.

पण यात्रा कमिटीचे तात्या तसे सोडणारे नव्हते. ‘‘एका रुळावर दोन गाड्या पळवणार म्हणता. पोरं बसणार त्यात. आधी कमिटीला चालवून दावा, न्हाई तर गुंडाळा.’’

ह्यांची युक्ती साधी होती. लाकडी पट्ट्यांवर रुळांचा गोल, त्याचे वेगवेगळे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याच्या रुळांतून बॅटरीचा बारीक प्रवाह. टप्प्यात गाडी शिरली की तिची लोखंडी चाकं दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. लाल झाला की मागच्या गाडीची मोटर बंद पडते आणि ब्रेक आपोआप लागतो. चालवणारा झोपला तरी चालेल.

चालवायला मात्र कोणी पुढे येईना. म्हणून मी बसले. कांजीवरम खोचून.

सकाळी सगळी कमिटी जमली. ह्यांनी कळ दाबली. सिग्नल लाल. पुन्हा दाबली. लालच. मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘भाऊ, झेंडा इसरला व्हय?’’ लोक हसले. ह्यांचे कान तापलेले मला इंजिनावरून दिसत होते. मी हळूच म्हटलं, सिग्नलची तार काढा आणि सोडा गाडी, कोणाला कळतंय?

‘‘लाल आहे तर लाल आहे,’’ हे म्हणाले आणि वाकून रुळाकडेने चालायला लागले. गावादेखत. पलीकडच्या वळणावर थांबले. तिथे लिंबू-मिरच्या लोखंडी तारेत ओवून या रुळापासून त्या रुळापर्यंत तोरणासारख्या बांधल्या होत्या.

‘‘मीच बांधल्यात,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘इतकी देखणी गाडी, दृष्ट लागंल.’’

‘‘वहिनी, तारेमुळे तिला वाटतंय पुढं गाडी उभी आहे.’’

‘‘मग दोरा चालंल का?’’

ह्यांनी गंभीरपणे विचार करून दोरा चालेल असं सांगितलं. दोऱ्यातल्या मिरच्या रुळाच्या बाजूला लटकल्या आणि सिग्नल हिरवा झाला. मी निघाले.

पण तात्यांच्या डोक्यात काही तरी शिरलं होतं. ‘‘म्हंजी नुसतं लोखंड आडवं पडलं तरी थांबती?’’ असं म्हणून त्यांनी पहार (खणायची जाड लोखंडी कांब) आणली आणि माझ्या पुढच्या वळणावर रुळांवर आडवी टाकली. सगळे ओरडायला लागले. मी घाबरून ब्रेक समजून वेगाचा दांडा होता नव्हता तेवढा पुढे लोटला आणि डोळे मिटले.

गाडी थांबली. डोळे उघडले तर पहार लांब होती आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

तात्या जवळ आले. म्हणाले, ‘‘वहिनी, तुमी लई प्रयत्न केला, पर गाडी शानी निघाली.’’

यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगती उठल्या की लोक गाडीकडे यायचे. बसायला मोजकीच पोरं. थांबवायला मात्र ही रांग. कोणी विळा आणलेला, कोणी उलथनं, एका आजोबांनी सायकलच आडवी घातली. दोन गाड्या दिवसभरात धड एक फेरी पुरी करू शकल्या नाहीत. मला वाटलं, हे चिडणार. हे रांगेला शिस्त लावत होते.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, गाडी काही पळाली नाही हो तुमची. हे म्हणाले, ‘‘उभी नोकरी झाली. गाडी थांबली की लोक खिडकीतून आम्हाला शिव्या द्यायचे. थांबली म्हणून टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या.’’

आता हे नाहीत. पण आगगाडी कुठे आडरानात थांबली, डब्यातले लोक कुरकुरायला लागले, की मी टाळ्या वाजवते. नातवंडं तेवढ्यापुरती शेजारच्या डब्यात जाऊन बसतात.