अंगातली वाफ आन् आक्काचे चार दिस

पयली वाफ आली तवा मी चुलीपुढं भाकऱ्या भाजत व्हते. पौषातली सकाळ, आमच्या वाडीवर थंडी अशी की तोंडातनं धूर निघतो. आन् माझ्या छातीतनं आग उठली, मानेवर चढली, कानशिलं तापली. चोळी भिजली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी अंगनात जाऊन उभी रायले.

मोठी जाऊ, मी तिला आक्का म्हनायची, मागनं आली. "काय झालं गो?"

"आक्का, मी जळतेय."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. बघितलं आन् नजर काढली. "पित्त हाय," म्हनाली.

आई माझी लवकर गेली. या घरात आले ती हिच्याच हाताखाली शिकले. पोरांची बाळंतपनं हिनंच केली. ती पित्त म्हनाली, मी पित्त मानलं.

पन वाफा थांबेनात. दिसातनं चारदा, पाचदा. लावनीला वाकले की यायची, पाव्हन्यांत बसले की यायची. काळीज धडधडायचं, मानसांवर उगाच चिडायची. माझी पाळीबी सहा महिने आली नव्हती. मला वाटलं, पोटात गाठ धरली, आता काय मी जगत नाय.

आक्काच म्हनाली, "सव गावाला, ऊन पान्याच्या कुंडावर जाऊ. तिथलं कढत पानी अंगातली उष्नता खेचून काढतं." यष्टीनं गेलो. मी त्या कुंडात गळ्यापर्यंत बसले. उष्नता उष्नतेनं जाते, असं सगळेच म्हनतात, मीबी मानायची. थोड्या वेळात डोळ्यापुढं काळं झालं. बायांनी वढून वर काढलं. आक्का पदरानं वारा घालत व्हती.

आमच्या घरात अजून बाहेर बसायचं पाळतात. कावळा शिवला की चार दिस पडवीत. चुलीला, पान्याला हात लावायचा नाय. दर महिन्याला आक्का बसली की दोघींचं काम माझ्यावर. गुरं, पानी, सैपाक, शेतावर भाकरी. मी कधी कुरकुर केली नाय. बाईचं बाईनंच करायचं.

अशी दोन वर्सं गेली. मग पोलादपूरच्या दवाखान्यात बायांची तपासनी व्हती, आमी दोघी गेलो. आक्का पडद्याआड गेली, मी बाहेर तिची पिशवी धरून उभी. पडदा तो केवढा, सगळं ऐकू येत व्हतं.

सिस्टरनं इचारलं, "आजी, पाळी कधी गेली?"

"झाली की चार वर्सं."

"अंगातनं वाफा?"

"लय यायच्या. जीव नकोसा व्हायचा. आता कमी हायत."

आन् मागल्या महिन्यातबी ती चार दिस पडवीत बसली व्हती.

माझा नंबर आला तवा सिस्टर म्हनाली, "मावशी, घाबरू नका. पाळी जायच्या वयात हे व्हतं. हा रोग नाय." सुती लुगडं नेसा, वाफ आली की गार पानी प्या, मानेवर ओला फडका ठेवा, चा आन् तिखट कमी करा. आन् वरीसभर बंद राहून परत अंगावर गेलं, तर तवा मातर लगेच या. एवढंच. एवढ्या बोलन्यासाठी मी दोन वर्सं मरनाची वाट बघत बसले व्हते.

परतताना टमटममधी मी इचारलं, "चार वर्सं, आक्का?"

ती रस्त्याकडं बघत म्हनाली, "गुडघं मोडल्यात माझं. त्या चार दिसांबिगर मला कोन बसू देतं गो?"

"बसायचं व्हतंस. मी केलंच असतं. पन मला सांगायचंस तरी, हे काय हाय ते."

"सांगितलं असतं तर तू इचारलं असतंस, तुला कसं ठाव. मग माझं काय?"

"आन् सवला मला कुंडात बसवलंस, ते?"

तिनं पदर डोक्यावरनं पुढं वढला.

घरी मी कोनाला बोलले नाय. पुढल्या महिन्यात आक्का येळेवर पडवीत जाऊन बसली. तिला वाटलं, मी गप हाय म्हंजे चाललं. मी चूल इझवली, माझी गोधडी घेतली आन् पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात टाकली.

मालक आलं. "आं? दोघी एकदम?"

"एकदम," मी म्हनाले.

"मग भात कोन टाकनार?"

"हात हायत ना तुमाला?"

मालक आन् थोरलं दीर, दोघं भाऊ चुलीशी धडपडले. भात खाली करपला, वर कच्चा. चार दिस तेच खाल्लं. आमी दोघी एकमेकींशी बोललो नाय. तिसऱ्या दिशी दुपारी मला वाफ आली. तोंड लाल झालं असंल, कारन आक्का सरकली. तिनं आपला पान्याचा तांब्या माझ्याकडं ढकलला. "घे गो. बसून घोट घोट पी. मी तसंच करायची."

दोन वर्सं उशिरा सांगितलंन.

तांब्याला मी हात लावला नाय. मी उठले, खालच्या पऱ्यावर, वाहत्या पान्याशी गेले आन् वंजळीनं पानी प्याले.