पोटावर वाळवलेले मोजे
देवळाली कॅम्पातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात मला मशीनवर बसवलं ते रिटायर सुभेदारकाकांनी. आठवी सोडून चंद्रपूरहून आलेल्या बाईला इथं दुसरं कुणी उभंही केलं नसतं. लोकरीच्या ओल्या मोज्यांचा कुबट वास आला की मला ती फिल्मची दुपार आठवते. लढाईतल्या जवानांचं रोजचं जगणं दाखवणार म्हणून फिल्मवाल्यांनी काकांना दुकानातच तीन तास बोलतं केलं होतं, आणि काका बोलले ते लढाईत कामी आलेल्या आपल्या जोडीदार जवानाबद्दल: तो बर्फ वितळवून चहा करायचा, काकांचे ओले मोजे स्वतःच्या पोटावर ठेवून वाळवायचा. फिल्म लागली त्या दिवशी काकांनी त्याच्या आईला सिन्नरहून मुद्दाम दुकानात बोलावलं. टीव्हीवर काय, तर काका आभाळाकडे बघतायत, मागं रडकी सारंगी आणि तोफांचा दणदणाट! चहा नाही, मोजे नाहीत, जोडीदाराचं नावसुद्धा नाही. "संपलं? माझा पोरगा कुठं हाय यात?" म्हातारीनं विचारलं. काकांनी टीव्ही बंद केला. असल्या दीडशहाण्या फिल्मवाल्यांना जवान नको, पुतळा हवा. पुतळ्याचे मोजे भिजत नाहीत. एरवी मी मोठ्यानं बोलायला घाबरते, पण त्या तीन तासांत तिथंच बटणं लावत बसले होते, म्हणून मोज्यांचं सगळं मीच तिला सांगून टाकलं. "पोटावर? मग त्याला थंडी नाय वाजायची?" तिनं विचारलं. "लय वाजायची, आई," काका म्हणाले आणि पहिल्यांदा रडले. माझं अक्षर वाकडं आहे, पण काकांचे ते तीन तास मी एक दिवस वहीत उतरवून त्यांच्या हातात देणार आहे.