वाचून दाखवणारीची सही

‘आधी तू झोप.’

सरांनी टेबलाकडं बोट केलं. मी मागं बघितलं. दुसऱ्या कुणाला म्हणतायत का.

‘तूच. तू झोपलीस की ह्या उठतील.’

परळी स्टेशनच्या मागं एका व्यापाऱ्याचं रिकामं गोदाम आम्ही भाड्यानं घेतलं होतं. दारं लावली तरी थर्मल वीजकेंद्राची राख आत यायचीच. सतरंजीवर नऊ बायका बसलेल्या. सगळ्यांचे नवरे ट्रकवर. सकाळपासून एक उठेना. पडद्यामागचं लोखंडी टेबल, पाय अडकवायचे आकडे, ट्रेमधली अवजारं बघून त्यांनी पदर आवळून घेतले होते. एकीनं तर चप्पल पायात घालून ठेवली होती. आणि नेमके त्याच दिवशी सरांचं काम बघायला परदेशातले दोन पाहुणे आले होते.

मी सरांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारी बाई. अंगात सरांनीच दिलेला पांढरा कोट. तो काढला, खिळ्याला अडकवला आणि टेबलावर झोपले.

पडदा पुरता ओढला नव्हता. पाहुण्यांना दिसावं म्हणून, की विसरून, ते मला आजही माहीत नाही. सरांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरीणबाई आतला नमुना घेत होत्या. सर डोक्याशी उभे राहून इंग्रजीत समजावत होते. माझ्याकडं न बघता. भिंतीवरचा तक्ता समजावतात तसं. एक पाहुणा काहीतरी बोलला. सर हसले. मी वरच्या पत्र्यांकडं बघत राहिले.

‘ऊठ. झालं.’ मग बायकांकडं वळून, ‘बघितलंत? काही होत नाही. तुमच्यातलीच आहे ती.’

तुमच्यातलीच. सर जात मानत नव्हते. तसं ते चारचौघांत सांगायचे. पण वस्तीत शिरायचं असलं की त्यांना माझं गाव, माझा समाज, माझी बोली बरोबर आठवायची. डॉक्टरीणबाईंना ते कधी म्हणाले नाहीत, आधी तुम्ही झोपा.

बायका उठल्या. एकीमागं एक. संध्याकाळी सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘शाब्बास. आज तुझ्यामुळं काम झालं.’

मी म्हणाले, ‘थँक्यू सर.’

ते थँक्यू मला टेबलापेक्षा जास्त टोचतं.

कारण ते खोटं नव्हतं. मी खरंच उपकारात होते. धारूरच्या डोंगरातलं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. पुढची धारूरला, घाट उतरून, आणि पोरीला एकटीला कोण पाठवणार? मावशीनं पुण्याला धुण्याभांड्याला नेलं, ते घर सरांच्या बहिणीचं. तिथून सरांनी मला प्रयोगशाळेत घेतलं. ‘हिचा हात स्वच्छ आहे,’ म्हणाले. नळ्या धुवायला शिकवलं, मग चिठ्ठ्या लावायला, मग बर्फाच्या पेटीत नमुने रचायला. मला टायफॉइड झाला तेव्हा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. माझ्या बापानं सुद्धा मला कधी असं धरून नेलं नव्हतं. त्यामुळं सर बोलले की मला नाही म्हणताच यायचं नाही. सारखी भीती. कोट काढून घेतील, गावाकडं धाडतील.

त्या वर्षांत देश खुला झाला म्हणायचे. बाहेरची यंत्रं आली, बाहेरचा पैसा आला, आणि एड्सच्या कामाला तर मानच आला. सरांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर गेलं होतं. तो त्यांनी मलासुद्धा समजावला होता. माणसाच्या आत ओलं अस्तर असतं. तोंडात, आतड्यात, बाईच्या आतल्या वाटेत. हा विषाणू त्याच दारानं शिरतो. पण काही बायका अशा, की नवऱ्याला असून, रोजचा संसार करून, त्यांना होत नाही. वर्षानुवर्षं नाही. मग त्यांच्या अस्तरात कुठला पहारेकरी बसलाय? तो सापडला तर लस निघेल. जग वाचेल.

मला हे कळलं, सातवी पास बाईला, याचा कोण आनंद झाला होता! जग वाचवणाऱ्या नळ्या मी धूत होते.

तर त्या परळीच्या नऊ बायका ह्या अशा बायका होत्या. त्यांच्या नवऱ्यांची तपासणी ट्रक उभे राहतात तिथल्या दवाखान्यात आधीच झालेली. नवऱ्यांना रोग होता. आम्हाला माहीत होतं. काही नवऱ्यांनाही सांगितलेलं होतं. बायकांना माहीत नव्हतं.

संमतीचा फॉर्म मराठीत होता. वाचून दाखवायचं काम माझं. त्यात एक ओळ होती: ‘आपली निवड आपल्या पतीच्या तपासणीच्या आधारे केली आहे; निकालाविषयी माहिती हवी असल्यास मागावी.’

सर पहिल्या दिवशी म्हणाले, ‘ही ओळ राहू दे. घाबरतात. घरात मारामाऱ्या होतात. कुणी मागितलंच तर बघू.’

पहिल्या दिवशी सरांनी सोडायला लावली. दुसऱ्या दिवसापासून, गावोगाव, मीच सोडत गेले. कुणी सांगायची गरज राहिली नाही. ओळ सोडायची, अंगठा घ्यायचा, खाली ‘वाचून दाखवणाऱ्याची सही’ असं छापलेलं असायचं तिथं माझी सही करायची. चांगली वळणदार सही. मला तिचा अभिमान होता.

त्या नऊत कमल होती. माझ्या गावची. चौथीपर्यंत एका बसकरपट्टीवर बसलेल्या आम्ही. तिचा नवरा राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर. टेबलावरून उतरताना ती मोठ्यानं म्हणाली, ‘तुज्या सायबाला सांग बाई, ते लोखंड जरा कोमट पाण्यात बुडवा म्हनावं. लई गार हाय. मानूस मरल दचकून!’

सगळ्या हसल्या. डॉक्टरीणबाईसुद्धा. पुढच्या वेळेपासून आम्ही खरंच कोमट पाणी ठेवलं.

जाताना तिनं मला दाराशी धरलं. ‘आन् कळवणार का गं तुमी?’

मी म्हणाले, ‘काय असलं तर कळवतील.’

ह्या चार शब्दांत माझं सगळं पाप आहे. आमच्या भागात हिवतापाचा माणूस यायचा. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचा, भिंतीवर तारीख लिहून जायचा. ताप निघाला तरच परत यायचा, गोळ्या घेऊन. नाही आला म्हणजे रक्त चांगलं. लहानपणापासून आमच्या बायका हेच शिकलेल्या. कुणी आलं न्हाई म्हंजे बरं हाय. मागायचं असतं, हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. सरांना हे ठाऊक नसेल. मला ठाऊक होतं. मी त्याच भिंतीच्या घरात वाढले.

तेव्हा कमल स्वच्छ होती. नवऱ्याला होता, तिला नव्हता. एक वाक्य सांगितलं असतं तर तशीच राहू शकली असती.

वर्षानं दुसरी फेरी झाली. नमुने पुण्याला आले. एका दुपारी मी नळ्या वाळत घालत होते आणि सर वहीत बघून डॉक्टरीणबाईंना म्हणाले, ‘ही गेली. चांगली केस होती.’

त्यांनी एका आकड्याभोवती लाल गोल केला. बायकांची नावं नसायची, आकडे असायचे. पण आकड्यांच्या चिठ्ठ्या मीच लावत होते. तो कमलचा होता. म्हणजे रोग आता तिलाही लागला होता.

माझे हात ओलेच. म्हणाले, ‘सर, तिला सांगायचं ना?’

‘तिनं मागितलं का?’

‘तिला मागायचं असतं ते माहीतच नाही.’

सरांनी चष्मा काढला. आवाज अगदी मऊ. ‘का बरं? तू वाचून दाखवलं नाहीस?’

मी हात कोटाला पुसले.

त्यांनी कपाटातून फॉर्म काढला आणि माझ्यापुढं ठेवला. ‘वाचून दाखवणारीची सही आहे खाली. तुझी ना?’

माझीच. वळणदार.

त्या क्षणाला मला टेबलावर झोपवलं होतं त्याहून उघडं वाटलं. आणि त्याच क्षणाला कळलंही. मला कोट का दिला. दर फॉर्मवर सही माझीच का घेतली. काम झालं तर शोधनिबंधावर सरांचं नाव छापून येणार, काही बिघडलं तर फॉर्मवर खाली माझं. पण त्याहून वाईट हे, की सर खोटं बोलत नव्हते. मी वाचलं नव्हतं. कुणी माझा गळा धरला नव्हता.

‘आणि गोपनीयता म्हणून एक गोष्ट असते,’ सर म्हणाले. ‘नवऱ्याचा निकाल बायकोला सांगता येत नाही.’

नवऱ्याची गोपनीयता. बायकोचं काय, ते मी विचारलं नाही. तेव्हा नाही.

तिसऱ्या फेरीला परळीत उतरलो तेव्हा मी गोदामात न जाता आधी कमलच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. पोट दिसत होतं. सहावा लागला म्हणाली. मला चहा टाकायला उठली. मी म्हटलं, बस. आणि सांगितलं. नवऱ्याचं. मग तिचं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘तुला कवापासून म्हाईत हाय?’

‘त्याचं पहिल्या बारीपासून.’

‘तवा मला व्हतं?’

‘न्हाई.’

‘मंग तू कावून बोलली न्हाईस?’

मी सरांचं नाव घेणार होते. तोंडाशी आलं होतं. ती म्हणाली, ‘सायबाचं सांगू नगंस. सायेब माज्या पट्टीवर बसला नव्हता.’

मी म्हणाले, बाळंतपणात आईला आणि बाळाला द्यायचं औषध आता आलंय, मोठ्या दवाखान्यात मिळतं, मी येते बरोबर.

‘तुज्यासंगं न्हाई. माजी मी जाईन. ऊठ. भायेर हो.’

मी उठले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

गोदामात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. कमल सोडून आठ. सर घड्याळ बघत होते. ‘उशीर केलास. वाच लवकर.’

मी वाचलं. सगळं. ती ओळ आली तिथं थांबले, परत वाचली, मग कागद खाली ठेवून आमच्या बोलीत सांगितली. ‘तुमच्या मालकाची तपासनी आधीच झालीया. तिच्यावरनंच तुमाला हितं बोलावलंय. काय निघालं ते कुनी घरी येऊन सांगनार न्हाई. हे हिवतापावानी न्हाई. मागावं लागतं. आत्ता मागा.’

‘थांब,’ सर म्हणाले.

मी थांबले नाही. ‘आन् गेल्या दोन बाऱ्या ही वळ मी तुमाला वाचली न्हाई. सही माजी हाय.’

एक थोराड बाई, जिला सगळ्या जिजी म्हणायच्या, गुडघ्यावर हात टेकून उठली. टेबलाकडं नाही, सरांकडं गेली. ‘सायेब, काय निघालं ते सांगा. माजं बी आन् मालकाचं बी.’ तिच्यामागं दुसरी. मग सगळ्याच. एक माझ्याजवळून जाताना माझ्या पायाशी थुंकली. बरोबर केलं.

सर माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. ‘तुला मी कुठून आणलं, विसरलीस?’

‘न्हाई सर. धारूरच्या डोंगरातून आणलं. ह्या बायका आणायला.’

मी कोट काढून खुर्चीवर ठेवला. स्टेशनवर जाऊन बसले. धाडस वगैरे काही वाटत नव्हतं. वर्षाहून जास्त उशिरा आलेल्या माणसाला काय वाटणार?

आता चौकशी बसलीय. बायकांनी तक्रार केली, जिजीनं सगळ्यांचे अंगठे घेतले. डॉक्टरीणबाई परवा माझ्या खोलीवर आल्या होत्या. चांगल्या आहेत, डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, ‘तू फक्त एवढंच म्हण, की वाचलं होतं, त्यांना कळलं नसेल. सही आहेच तुझी. सर तुला परत घेतील. अगं, एवढं मोठं काम बुडेल. किती लोकांचा जीव वाचला असता त्यातनं.’

खरंही असेल. तो पहारेकरी कुठंतरी असेलही, कुणाच्या तरी अस्तरात. सर हुशार आहेत. मला टायफॉइडातून त्यांनीच काढलं, तेही खरं. ते मी नाकारत नाही, नाकारणार नाही. पण ते उपकार कमलच्या जिवावर फिटत नाहीत.

सोमवारी मला बोलावलंय. तीन मोठी माणसं समोर असतील. ते विचारतील, कुणी काय केलं. मी ठरवलंय. आधी सरांकडं बोट करणार नाही. पहिलं वाक्य माझं असेल: ‘मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.’ ते लिहून घेतलं जाईपर्यंत मी पुढं बोलणार नाही. मग दुसरं वाक्य: ‘त्यांनाही माहीत होतं.’

ह्याच क्रमानं. आणि दोन्ही वाक्यांतलं एकही मी मागं घेणार नाही.