जन्माचं रोगट

कौसल्याबाईंच्या घरासमोरची आवारभिंत मी बांधली. नागपूरच्या कडेचं आमचं बेसा तेव्हा अर्धं शेतच होतं. काम संपलं त्या दिवशी बाई बाहेर आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काढंल गा एखादा पावसाळा, बिचारी." मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण मी ओळंबा धरला की भिंतीची हलायची हिंमत नाही. माझं घर समोरच, तरी दोन दिवस मी त्यांच्या घराकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबाभर करंज्या पाठवल्या आणि वर निरोप, "कडक झाल्या हायेत, टाकून देजा." करंज्या तोंडात विरघळत होत्या. तेव्हा मला या बाईचं बोलणं कळायला लागलं. जे आवडलं त्याला त्या जन्मात कधी चांगलं म्हणाल्या नाहीत.

त्या मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकट्या. पुढच्या खोलीत साड्यांना पिको-फॉल करायच्या. टाका असा सरळ की मीसुद्धा पाहत राहायचो. पण साडी देताना म्हणत, "उसवंल वं दोन दिवसांत." नवीन गिऱ्हाईक घाबरायचं. माझा नातू बारावी झाला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. म्हणाल्या, "पास झाला म्हणे. तपासणाऱ्याचं ध्यान नसंल." माझी सून महिनाभर त्यांच्या दारात गेली नाही.

चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्याकडे हे चालत नाही. माझ्या बापाने छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात लिंबू फक्त वरणात पिळतात. मी त्यांना तोंडावर सांगायचो, "बाई, नजरेनं काही होत नाही." त्या म्हणत, "तुमचं नाही होत गा. आमचं होते."

त्यांनी एक कुत्रा पाळला. नालीत सापडलेलं पिल्लू, नाव ठेवलं कचऱ्या. नावातच बंदोबस्त. मोठा झाला तो तांबडा, भरल्या अंगाचा, पाठ अशी चकचकीत की रस्त्याने जाणारे थांबून पाहत. कोणी कौतुक केलं की बाईंचं ठरलेलं उत्तर यायचं, "कायचा गा. जन्माचं रोगट हाय ते. काही पचत नाही मेल्याले." आणि आत जाऊन त्याला तूप लावलेली पोळी घालत. दगड टाकला असता तरी पचवला असता त्याने.

एकदा वस्तीत कुत्र्यांना इंजेक्शनं द्यायचं शिबिर लागलं. तिथे छत्रीखाली टेबल टाकून विमा कंपनीचा माणूस बसला होता. कुत्र्याचा विमा. दरवर्षी हप्ता भरायचा, आणि ऑपरेशनची वेळ आली तर खर्च कंपनी देणार. बाईंनी कागद माझ्या हातात दिला. "भाऊ, तू पाह्य." कागद इंग्रजी. मी तो दोन मिनिटं धरला, पानं उलटली, मान हलवली. म्हटलं, "घ्या, बरोबर हाय." माझ्या स्कूटरच्या विम्याचे पैसे एकदा मिळाले होते, तेवढीच माझी विद्या. पण चारचौघांत "मला वाचता येत नाही" म्हणायला जीभ वळली नाही. अर्जावर दुसरा फोन नंबर माझा लिहिला.

दुसऱ्या वर्षी, ऐन लग्नसराईत, कचऱ्याने फॉलची पट्टी गिळली. हातभर लांब, डाळिंबी रंगाची. दोन दिवस ओकत होता, तिसऱ्या दिवशी जागचा उठेना. आम्ही ऑटो करून त्याला धरमपेठेत जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पोटाचा फोटो काढून डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलंय, आजच पोट उघडावं लागेल. तिथली मुलगी केसपेपर लिहीत होती. तिने विचारलं, "आधी कधी पोटाचा त्रास होता का?"

"जन्मापासूनच हाय वं बाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "जन्माचं रोगट. काही पचतच नाही त्याले."

मुलीने लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो. इतक्या वर्षांची ऐकायची सवय, मला त्यात काही खटकलं नाही.

ऑपरेशन झालं, कुत्रा वाचला. विम्याचा नियम असा की पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं, इंजेक्शनचं कार्ड आणि केसपेपर लावून कंपनीकडे मागायचे. बाईंनी पिकोचं मशीन विकून पैसे भरले. मी म्हटलं, "महिनाभरात येतेत परत. दुसरं मशीन घेऊ."

महिनाभराने पत्र आलं. सुनेने वाचून सांगितलं. पोटाचा आजार विमा घेण्याच्या आधीपासून होता, मालकिणीने स्वतः तसं सांगितलं आहे, म्हणून या ऑपरेशनचा खर्च देता येत नाही. जुना आजार विम्यात बसत नाही. हे त्या कागदात दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं म्हणे.

डॉक्टरांनी ती पट्टी बाटलीत घालून दिली होती. मी बाटली पिशवीत टाकली आणि बाईंना घेऊन कंपनीच्या हापिसात गेलो. साहेबाच्या टेबलावर बाटली ठेवली.

"हे काय आहे, काका?"

"तुमच्या पत्रातला जुना आजार. नीट पाहून घ्या."

साहेब गोड बोलत होता, त्याने मला जास्त चीड आली. "मी समजू शकतो, काका. पण रेकॉर्डवर आहे ना, जन्मापासून पोटाचा त्रास."

"फॉलची पट्टी जन्मापासून पोटात होती काय? मायच्या पोटातून साडी नेसून आला तो?"

बाजूच्या टेबलावरचा माणूस हसला. साहेब हसला नाही. मग म्हणाला, एक रस्ता आहे. बाईंनी लिहून द्यायचं, की आधी सांगितलं ते चुकीचं होतं, कुत्रा जन्मापासून पूर्णपणे निरोगी होता आणि आजही निरोगी आहे. त्यावर डॉक्टरांची सही आणायची, मग फाइल परत उघडता येईल. मला वाटलं, जिंकलो. त्याने कोऱ्या कागदावर मराठीत लिहून दिलं. बाईंनी फक्त सही करायची होती.

बाईंनी कागद सावकाश वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. मग पेन खाली ठेवला.

"असं नाही लिहत मी."

"काहून?" मी विचारलं.

"आत्ता कुठं चार घास खाऊन राहिला तो."

"बाई, खरं तेच लिहिलं हाय. सही करा."

"भाऊ, तू चूप राय."

बाहेर येऊन मी रस्त्यावरच बोललो त्यांना, जाणारे-येणारे पाहत होते. एका सहीपायी मशीन घालवता, कंपनीवाल्यांना फुकट सोडता, हे कोणतं शहाणपण? त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, "मले एक पोरगी होती गा. सात वर्षांची. उमरेडले एका लग्नात बायका आपापल्या लेकरांचं दुखणं सांगत होत्या. मी म्हटलं, माझी तर कधी खोकलत पण नाही. त्याच महिन्यात ताप आला." मग म्हणाल्या, "एकदाच म्हटलं होतं."

ताप कशाने येतो ते मला माहीत आहे. मच्छर, घाण पाणी. शब्द जिभेवर होते. मी गिळले. त्याऐवजी जे शिबिरापासून दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "बाई, तो विम्याचा कागद मी वाचला नव्हता. मले इंग्रजी येत नाही."

"मालूम हाय. चष्मा तुझ्या खिशातच होता."

"मग सही काहून केली?"

"तू म्हटलं ना, बरोबर हाय म्हणून."

त्यानंतर मी एकटा चार वेळा त्या हापिसात गेलो. दर वेळी नवीन माणूस, तोच गोडवा. कुत्र्याचं वय विचारलं, वजन विचारलं, समोरून फोटो, बाजूने फोटो. ती बाटली मात्र एकानेही हातात धरून पाहिली नाही. पोटातून निघालेला पुरावा समोर ठेवला होता, आणि यांना एका म्हातारीचं तोंडातलं बोलणं जास्त खरं वाटलं. आपल्या लेकराला मेल्या म्हणणारी माय यांनी कधी पाहिलीच नाही काय? यांच्या घरी आया नव्हत्या? आणि मी तरी कोण मोठा. मी भिंतीला ओळंबा लावल्याशिवाय वीट ठेवत नाही, आणि त्या कागदावर नुसती मान हलवली. मशीनचे पैसे देतो म्हटलं तर बाईंनी करंज्यांचा डबा पुढे केला. "तू काहून देशील? खाय, कडक झाल्या."

पुढे त्या हाताने फॉल लावायच्या. बोटं सुजायची. टाका दिसायचा नाही, इतका बारीक. "हातानं कसंतरीच होते," म्हणायच्या.

मागच्या थंडीत त्या गेल्या. सकाळी मी दूध द्यायला गेलो तर खुर्चीत बसलेल्या, मांडीवर साडी, सुई टाक्यात तशीच टोचलेली, आणि पायांवर कचऱ्या. उमरेडचा पुतण्या आला, सामान घेऊन गेला. कुत्र्याचं विचारलं त्याने. मी म्हटलं, "राहू दे."

परवा दुपारी फोन आला. कंपनीची मुलगी. माझा नंबर अजून त्यांच्या वहीत आहे. विमा पुन्हा सुरू करायचा का, नव्या नावाने करून देते म्हणाली. "फक्त एक सांगा सर, कुत्रा पूर्णपणे निरोगी आहे ना? हो म्हणा, कॉल रेकॉर्ड होतो आहे."

कचऱ्या समोर बाईंच्या त्या आवारभिंतीला पाठ लावून उन्हात पडला होता. नुकत्याच दोन पोळ्या खाल्लेल्या. पाठ तशीच चकचकीत. मी पाहिलं त्याच्याकडे. हो म्हणायला तोंड उघडलं.

"कायचा निरोगी," मी म्हटलं. "जन्माचं रोगट हाय. काही पचत नाही मेल्याले."

"सर, असं सांगितलं तर विमा होणार नाही."

"नको होऊ दे. तू लिहून घे."